बिनइंजिनाचं विमान

देवानंद तायडेच्या तोंडाला कुलूप नाही, असं त्याची बायको सत्यभामा म्हणते, आणि त्यात खोटं काही नाही. तो नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आरोग्यसेवक आहे. बावीस वर्षं झाली, गावोगाव फिरून एकच गोष्ट सांगतो: सिकलसेलची तपासणी करा, कार्ड घ्या आणि कोणापासून लपवू नका. सोयरीक जुळवायला बसलेल्या मंडळींत हा माणूस बिनबोलावता शिरतो आणि चहा यायच्या आत विचारतो, "पोराचं कार्ड पायलं का? पोरीचं दाखवलं का?" त्यापायी त्यानं शिव्या खाल्ल्या. एका गावात त्याची मोटरसायकल विहिरीत टाकायची भाषा झाली. तरी गडी हटला नाही, कारण त्याचं स्वतःचं लग्न झालं तेव्हा कार्ड नव्हतं. नवरा-बायको दोघांच्याही रक्तात निम्मं निम्मं दुखणं होतं आणि दोघांनाही पत्ता नव्हता. थोरला संघपाल अकराव्या वर्षी गेला. धाकटी पौर्णिमा आता वीस वर्षांची आहे, आणि तिलाही तेच आहे.

दुखणं उठलं की रक्त जागोजाग अडतं, हाडं आतून कोणी पिळल्यासारखी होतात, आणि मग आठ-दहा दिवस अंथरूण. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला पौर्णिमाची हजेरी भरेना. कॉलेज सुटलं. पहिल्या महिन्यात मैत्रिणी अमरावतीच्या घरी येऊन बसायच्या, दुसऱ्या महिन्यात त्यांचे फोन आले, तिसऱ्या महिन्यात सगळ्यांच्या परीक्षा लागल्या. पोरगी भिंतीकडे तोंड करून पडायची. तिच्या त्या पाठीकडे बघून देवानंदला जेवण जायचं नाही.

मग एक दिवस तो कामावरून आला तर पोरगी उठून बसलेली. मांडीवर जुना लॅपटॉप, पडद्यावर डोंगर, ढग आणि लांबलचक पंखांचं एक पांढरं विमान.

"हे काय आहे?"

"ग्लायडर. बिनइंजिनाचं विमान."

"मंग पडत कावून नाही?"

"पडतेच ना बाबा. पडता पडता वर कसं जायाचं, तेच त शिकून राहिली मी."

शिकणं काही सोपं नव्हतं. पहिले पंधरा दिवस तिनं त्या पडद्यावरची परक्या मुलखातली शेतं तेवढी तुडवली. उडायची, खाली यायची, कोणाच्या तरी वावरात उतरायची. तापलेली हवा जमिनीवरून खांबासारखी वर चढते, तो खांब शोधायचा आणि त्यात गोल गोल फिरत वर जायचं, एवढाच सगळा खेळ. पण हवा दिसते कुठे? विमानात एक यंत्र असतं, ते वर जाताना टूं टूं करतं आणि खाली जाताना रडल्यासारखं लांब सूर धरतं. तायडेंच्या घरात त्या दिवसांत त्या रडण्याशिवाय दुसरं काही ऐकू यायचं नाही. सत्यभामा म्हणायची, "इचं विमान अन् इचा बाप, दोघाईचं तोंड बंद होत नाही."

देवानंदला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण गेल्या एप्रिलात फिरतीवर असताना त्यानं एक गोष्ट पाहिली आणि घरी येऊन सांगितली. घारी संत्र्याच्या बगीच्यावर फिरत नाहीत. नांगरून पडलेल्या काळ्या वावरावर फिरतात, आणि वावटळही तिथंच उठते. "तुया खेळात काळं वावर असंन त तिकडं जाऊन पाय." पौर्णिमा गेली, आणि यंत्र टूं टूं करायला लागलं. ती वळली, घट्ट फेरा धरला, आणि ते पांढरं विमान ढगाच्या पोटाला टेकेपर्यंत चढलं. त्या दिवशी बापलेक असे हसले की सत्यभामा हातातलं पीठ घेऊन बाहेर आली.

मग शर्यती सुरू झाल्या. दर बुधवारी संध्याकाळी जगभरातले लोक आपापल्या घरातून एकाच आभाळात उडायचे. पहिल्या शर्यतीत तेवीस जणांत पौर्णिमा तेविसावी आली. चार महिने ये रे माझ्या मागल्या. तिची खोड एकच होती. हवेचा बारीकसा खांब मिळाला तरी ती थांबायची, फिरत बसायची, उंची गाठीला बांधून मगच पुढे जायची. पुढचा खांब मिळेल याचा भरवसा तिला वाटायचा नाही. ज्या पोरीला बरे दिवस मोजून मिळतात, तिला हातातलं सोडून पुढे पळणं कसं जमावं? पण शर्यतीत तेच करावं लागतं. कमजोर खांब ओलांडून जायचं, जोरदार तेवढाच धरायचा, आणि त्याचा जोर ओसरला की सोडायचा. पौर्णिमा तेही शिकली. दिवाळीपर्यंत ती पहिल्या दहांत यायला लागली.

जानेवारीत एका फ्लाइंग क्लबानं देशभरातल्या मुलांची शर्यत ठेवली. पहिल्या पाचांना खऱ्या ग्लायडरमध्ये, प्रशिक्षकासोबत, एक उड्डाण. शिबिर मार्चमध्ये, अकोल्याला. तिथं ऊन लवकर तापतं आणि जमीन काळी आहे, म्हणून क्लबानं अकोला निवडलं होतं. अकोल्याच्या उन्हाचं कोणाला कौतुक असू शकतं, हे देवानंदला पहिल्यांदाच कळलं. पौर्णिमा चौथी आली.

दोन दिवस घरात सण होता. तिसऱ्या दिवशी पोरीनं बापाला समोर बसवलं.

"बाबा, फारमात 'रक्ताचा काही आजार' असं इचारलं होतं. मी 'नाही' लिवलं."

देवानंद लॅपटॉप ओढून तो फॉर्म पुन्हा वाचायला लागला.

"हवा विरळ होऊन दुखणं उठायला लय उंची लागते, अन् हजार मीटरच्या वर नेत नाहीत ते. चिखलदरा त्याच्याहून उंच आहे. तिथं आपण एसटीनं गेलतो, मले काही झालं का?"

"नाही."

"दहा मिनिटं, बाबा. मले दुसरं काही नको. नोकरी, लग्न, कायचाच हट्ट नाही केला मी. हे एक होऊ द्या. तिथं कार्डाचं नाव काढू नका."

हिशेब बरोबर होता. आरोग्यखात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला तो कळत होता. "नाही काढत," तो म्हणाला, आणि त्यानं मनापासून शब्द दिला.

अकोल्याच्या धावपट्टीवर सकाळी दहालाच ऊन तापलं होतं. पौर्णिमानं ते खरं ग्लायडर पाहिलं आणि ती त्याच्याभोवती दोनदा फिरून आली. एवढे लांब पंख, आणि बसायची जागा आंघोळीच्या टबाएवढी. लांब पलीकडे विमान ओढायची तारेची मोठी चरखी होती. चरखीचं इंजिन घरघरलं, तार ताणली गेली, आणि नागपूरचा पहिला मुलगा ज्यात बसला होता ते विमान पन्नास पावलांत जमीन सोडून सरळ आभाळाकडे तोंड करून उभं राहिल्यासारखं चढलं. अर्ध्या मिनिटात ते बोटाएवढं झालं. मग तार सुटली आणि ते एका पंखावर कललं.

हिशेब, मीटर, चिखलदरा, देवानंदच्या डोक्यातून सगळं कुठल्या कुठे गेलं. पोर आपल्या हाताबाहेर गेलं की आपण नुसतं बघत उभं राहायचं, हे त्यानं दवाखान्याच्या दारात संघपालच्या वेळी केलं होतं. पुन्हा ते करायची त्याची छाती नव्हती.

तंबूत डॉक्टरीणबाई एकेकाला तपासत होत्या. पौर्णिमाचा बीपी पाहिला, डोळ्याची पापणी खाली ओढली.

"फिकी दिसतेस गं. हिमोग्लोबीन किती आहे?"

"दहा," पौर्णिमा शांतपणे म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी देवानंदकडे पाहिलं. "दहा ना?"

नुसतं हो म्हणायचं होतं. त्याला विचार करायला वेळ होता. पौर्णिमा त्याच्याकडे बघत होती, तेही त्याला दिसत होतं. बाहेर चरखी पुन्हा घरघरली.

"सात पॉइंट आठ," देवानंद म्हणाला. "एसएस पॅटर्न, मॅडम. सिकलसेल." आरोग्य केंद्रात डॉक्टरांना रोज सांगतो तशा सुरात.

पुढे सगळे चांगलंच वागले. चांगलं वागणारी माणसं असली की भांडताही येत नाही. डॉक्टरीणबाईंनी तिचा हात धरला. शिबिराचे प्रमुख आले, विम्याचं सांगितलं, नियमाचं सांगितलं, आणि म्हणाले, बेटा, निदान बसून तर बघ. पौर्णिमा उभ्या ग्लायडरमध्ये बसली. कुठली मूठ कशाची हे तिला कोणी सांगावं लागलं नाही, तिचा हात आपोआप जागच्या जागी गेला. त्यांनी तिचा फोटो काढला. पाचव्या नंबरच्या मुलाला घाई होती, म्हणून ती लवकर उतरली.

अमरावतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. मूर्तिजापूर येईपर्यंत देवानंद मनात वाक्यं जुळवत होता. जीभ घसरली नव्हती. तो घाबरला होता आणि त्यानं जाणूनबुजून सांगितलं होतं. तेवढं तरी तिला खरं सांगावं, मग ती काय बोलायचं ते बोलो.

"बाबा."

"हं."

"तोंडातून निघून गेलं ना?"

तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते, आणि त्यांत राग नव्हता. राग असता तर तो खरं बोलला असता.

"हो," देवानंद म्हणाला. "निघून गेलं."

"मले वाटलंच. डॉक्टर इचारते अन् तुमी सांगता, तुमचं रोजचं काम आहे ते. तुमी थोडीच मुद्दाम सांगान." तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तो खेळ मी आता काढून टाकते. मी आहेच कितीक दिवस, मंग घरात बसून कायले उडायचं. तुमी मनाले लावून घेऊ नका."

असं म्हणून ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. बडनेरा आलं, तरी देवानंद खांदा न हलवता तसाच बसून होता.