काठोकाठ भरलेली बरणी

मित्रांनो, मी आहे एक म्हातारी काचेची बरणी, रुंद तोंडाची, काठावर टवका उडालेली. आज कपाटामागे धूळ खाते आहे. पण मध्यप्रांताच्या दिवसांत, जबलपुरात ओमती मोहल्ल्यात गुणवंतराव मास्तरांच्या घरी, माझा काय थाट होता! माझ्या पोटात सॅलॅमँडरचं पिल्लू वाढत होतं.

मास्तरांच्या मित्राने ते अमेरिकेहून आगबोटीने आणलेलं. पालीसारखं अंग, माशासारखी शेपटी, मानेभोवती कल्ल्यांचे लाल तुरे. आई ठिपक्यांची, तिच्या वंशातले जन्मभर पाण्यातच राहत. बाप पट्ट्यांचा, त्याच्याकडचे मोठे झाले की कल्ले टाकून जमिनीवर येत. हे संकराचं लेकरू कोणावर जाणार, देव जाणे! मास्तरांचा सारा जीव त्यात अडकलेला.

वैशाखात मास्तर परीक्षेच्या कामाला नागपूरला निघाले. विधवा बहीण अंजनीताईंना म्हणाले, "ताई, पाणी तेवढं कमी होऊ देऊ नको." एवढंच म्हणाले हो!

ताई रोज टांग्याने नर्मदेवर स्नानाला जायच्या. आल्या की कळशीतलं पाणी माझ्यात ओतायच्या आणि मांजराच्या भीतीने माझ्या तोंडाला मलमल बांधायच्या.

आठवड्याभरात पिल्लाचे तुरे आखडले. ते वर येऊन हवा गिळू लागलं. अंगावर पट्टे उमटले. बापावर गेलं होतं ते! त्याला आता थोडंसं पाणी आणि बसायला एक दगड हवा होता. ताईंच्या काळजात मात्र चर्र झालं. "अगंबाई, वाळून राहिलं हे! काहून रे बाळा असं करतं?" आजारी लेकराला तीर्थ म्हणून त्यांनी मला काठोकाठ भरलं. मलमल भिजली. श्वासाला बोटभर जागा उरली नाही. ते माझ्या गुळगुळीत अंगावर पंजे घासत राहिलं. मी पडले काच, मी काय करणार? दुपारी ते निपचित तरंगत होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर परतले. ताई माझ्यापाशीच बसून होत्या. "मी तर रोज भरून राहिली होती रे, गुणवंता!"

मास्तरांनी पिल्लाला तळहातावर घेऊन ते पट्टे पाहिले. मग म्हणाले, "चूक माझी आहे, ताई. हे बदलू शकतं, मला ठाऊक होतं. तुला सांगितलं नाही मी."

त्यानंतर माझ्यात कोणी पाणी भरलं नाही. मित्रांनो, ताईंची माया खरी होती, पण ती कालच्या पिल्लावर होती. तुम्ही ज्याला जपता, ते आज कोण झालंय, एवढं तरी रोज वाकून बघत जा.