चेरीच्या झाडावरची सीडी

रादिसावने संगणकाचं बटण दाबलं आणि पडद्याकडे न बघता तो बायकोच्या तोंडाकडे बघत राहिला.

विदोसावा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातात केसांची आकडी, मनगटापर्यंत चेरीचा लाल रस. आकडीने चेऱ्यांच्या बिया काढायचं काम अर्धवट टाकून ती आली होती, कारण संगणक आज सुरू होणार म्हणून त्याने सकाळीच छातीठोकपणे सांगितलं होतं. पडदा उजळला, हिरवी टेकडी दिसली. रोज या क्षणी तिच्या ओठांचा डावा कोपरा किंचित वर जायचा. तो गेला, की आवाज आला असं रादिसावने समजायचं.

आज तो जागचा हलला नाही.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. त्याला ते तिच्या ओठांवरून कळलं.

त्याने बंद करून पुन्हा लावला. स्पीकरवर बोटं ठेवली. काहीतरी थरथरलं खरं.

"येतोय की आवाज," तो म्हणाला.

"येतोय. पण हा नुसता सूर आहे, रादे. पोरगा नाही त्यात."

आकडी टेबलावर ठेवून ती खुर्चीत बसली आणि रसाने माखलेले हात मांडीवर उलटे टाकून त्यांच्याकडेच बघत राहिली.

मायदानपेकच्या खाणीत रादिसावने उभा जन्म दगड फोडणाऱ्या यंत्राशेजारी काढला होता. पेन्शन मिळाली तेव्हा डावा कान पूर्ण गेलेला, उजव्यात ओरडावं लागे. घरात एकच मुलगा, दालिबोर. तो तळघरातल्या गॅरेजात गावभराचे संगणक दुरुस्त करी. त्या काळी सिस्टीमची मूळ सीडी टाकली, की संगणक नवाकोरा व्हायचा आणि तासाभरात मरायचा. कंपनीने नंतर काढलेल्या दुरुस्त्या इंटरनेटवरून उतरवून घ्याव्या लागत, आणि गावातलं इंटरनेट इतकं रडतखडत चालायचं, की त्या उतरेपर्यंत व्हायरस शिरलेला असे. दालिबोरने यावर उपाय काढला. सगळ्या दुरुस्त्या त्याने सीडीतच मिसळल्या. एकदा टाकली की काम फत्ते. आणि हे सगळं करता करता सुरुवातीच्या सुराच्या जागी त्याने आपला आवाज घातला.

त्याची खोली माडीवर होती आणि सकाळी त्याला उठवणं म्हणजे यज्ञच होता. विदोसावा अंगणात चेरीच्या झाडाखाली उभी राहून वरच्या खिडकीकडे तोंड करून हाका मारायची, अख्खी आळी जागी व्हायची, आणि मग वरून झोपाळू उत्तर यायचं. तेच उत्तर त्याने सीडीत घातलं. गावात कुठलाही संगणक सुरू केला, की तो आधी कुरकुरायचा. बेकरीत, शाळेत, झ्लातियाच्या केस कापायच्या दुकानात. लोक हसायचे.

गेल्या शरद ऋतूत डोंगरातल्या वळणावर धुकं होतं. दालिबोरची गाडी दरीत गेली.

घरात वर्षभराचं सुतक. रेडिओ लावायचा नाही, टीव्ही लावायचा नाही, कुणी गुणगुणायचंसुद्धा नाही. या रिवाजाला विदोसावाने एकच पळवाट ठेवली होती. रोज सकाळी संगणक सुरू करायचा, ते एक वाक्य ऐकायचं, बंद करायचा आणि कामाला लागायचं. रादिसाव शेजारी उभा राहून तिच्या ओठांचा कोपरा बघायचा. दुसऱ्या कशाने तो वर गेलेला त्याने त्या हिवाळ्यात पाहिला नाही.

पोराचं काम बंद पडू नये एवढंच रादिसावच्या मनात होतं. वसंतात दुरुस्त्यांचं नवं मोठं गाठोडं आलं, तेव्हा तो गॅरेजात जाऊन बसला. दालिबोरच्या खांद्यावरून बघून बघून त्याला बरंच कळलं होतं. सीडी एका फोल्डरमध्ये उतरवायची, त्यावर नवं गाठोडं चालवायचं, मग कोऱ्या सीडीवर चढवायचं. जमलं. पहिली चाचणी त्याने पोराच्याच संगणकावर घेतली. सगळं पुसून नव्याने बसवलं. पडदा उजळला तसा तो एकटाच गॅरेजात टाळ्या वाजवत सुटला. मग गावभर फिरला. ज्याच्या त्याच्या घरी जाऊन, एक पैसा न घेता, नवी सीडी टाकून आला. घरचा संगणक तेवढा राहिला होता, कारण तो बरा चालत होता. परवा तोही अडला, म्हणून त्यातही सगळं पुसून नवी सीडी टाकली.

आता खुर्चीत बसलेल्या बायकोकडे बघताना त्याला पोराची पद्धत आठवली. गाठोडं चालवून झाल्यावरही दालिबोर लगेच सीडी चढवत नसे. आणखी थोडा वेळ काहीतरी करत बसायचा, आपल्याशीच हसायचा. रादिसावला वाटायचं, खेळतोय. गाठोड्याला आपल्या ओळखीची नसलेली फाइल दिसली, की ते तिच्या जागी कंपनीची कोरी फाइल ठेवून मोकळं होत असणार, आणि पोरगा दरवेळी शेवटी आपला आवाज परत आत घालत असणार. हे त्याला आत्ता, या खुर्चीसमोर उभं राहून कळत होतं.

"जुनी सीडी आहे ना?" विदोसावाने तोंड वर करून विचारलं.

त्याने खिडकीतून चेरीच्या झाडाकडे पाहिलं. चेऱ्या पिकू लागल्या तसं तिने भोरड्या पाखरांना भिववायला जुन्या सीड्या मागितल्या होत्या, आणि त्याने गॅरेजातला गठ्ठाच्या गठ्ठा दोऱ्यात ओवून झाडाला टांगला होता. नव्या सीडीत जुनीतलं सगळं आलंय, मग जुनी ठेवायची कशाला? असं तो तेव्हा मोठ्या ऐटीत म्हणाला होता.

तो शिडी घेऊन अंगणात गेला. सीड्या उन्हात चमकत गरगर फिरत होत्या. दालिबोरच्या अक्षरातली त्याला लगेच सापडली. अक्षर उडालं होतं, पण शेवटचा वळणदार र तेवढा शिल्लक होता. उन्हापावसाने पाठीचा मुलामा पोपडे धरून सुटला होता. ती उजेडासमोर धरली, तर आरपार आभाळ दिसत होतं. तरी त्याने ती शर्टाला पुसली आणि संगणकात घातली. डब्यावर तळहात ठेवून बसला. आत ती फिरायला लागायची, थांबायची, पुन्हा फिरायची. मग थांबली ती थांबलीच.

टोपी घालून तो तडक झ्लातियाच्या दुकानात गेला.

झ्लातिया शाळामास्तरांच्या बायकोचे केस धूत होती. त्याला बघताच तिने नळ बंद केला.

"या चिका रादे, बसा. कॉफी टाकू?" गावात सगळे त्याला चिका म्हणत, काका या अर्थाने. "आज काय, केस कापायचेत? आहेत कुठं पण कापायला!"

तो हसला नाही. "तुझा संगणक मी कधी केला?"

ती त्याच्या उजव्या कानाशी आली. "ईस्टरच्या आधी! चांगला चालतोय हो!"

"त्यात दालेचा आवाज होता."

तिचा हसरा चेहरा विझला. तिने मास्तरीणबाईंकडे पाहिलं.

"होता," ती म्हणाली.

"आता नाही."

"नाही."

"मग बोलली का नाहीस, बाई?"

झ्लातियाने हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिली.

"आम्हाला वाटलं, तुम्हीच काढलात. सुतकाचं वर्ष. ज्या घरी जावं तिथं पोरगा बोलतोय, कुठल्या बापाला सोसेल? मीच सगळ्यांना बजावलं, चिका रादेसमोर विषय काढायचा नाही. बेकरीवाला तर म्हणाला, मला द्यायचा नव्हता संगणक, पण म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून दिला."

"कुठं राहिला असेल? एखादा तरी?"

"शाळेतलाही तुम्हीच केलात, भाऊजी," मास्तरीणबाई ओल्या केसांनिशी म्हणाल्या. त्याला ते ऐकू गेलं नाही. झ्लातियाने पुन्हा सांगितलं.

सगळीकडे तोच गेला होता. एकही घर त्याने सोडलं नव्हतं. लोक मागे लागले नाहीत तर हा त्यांच्या मागे लागला होता. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"काय म्हणायचा तो? नेमकं?"

"म्हणजे? तुम्हाला..."

"मी कधी ऐकलंच नाही. विदा सांगते, तेवढंच."

झ्लातिया त्याच्या उजव्या कानाला तोंड लावून उभी राहिली. मग पूर्ण छाती भरून ओरडली:

"उठलो, आई, उठलो! ओरडू नकोस!"

मास्तरीणबाईंनी टॉवेलात तोंड लपवलं. रादिसावने मान हलवली, टोपी घातली आणि निघाला.

घरी विदोसावा पुन्हा चेऱ्यांपाशी बसली होती. समोर बिया काढलेल्या चेऱ्यांचं पातेलं, बाजूला ती पोपडे सुटलेली सीडी. तो तिच्यासमोर बसला, तिला त्याचं तोंड नीट दिसेल असा. जणू बहिरी तीच होती.

"कुठेच नाही," तो म्हणाला. "मीच पुसला. सगळीकडचा. मुद्दाम नाही, विदा. माझ्या कानांना कळलंच नाही."

तिने एक चेरी घेतली, बी काढली, पातेल्यात टाकली.

"मला झ्लातियाने ईस्टरलाच सांगितलं होतं," ती म्हणाली. सावकाश, ओठ नीट उघडून, त्याला वाचता यावं म्हणून. "मला वाटलं, बाहेरचा तुला सोसवत नाही म्हणून सगळीकडचा काढलास. आणि घरातला तेवढा माझ्यासाठी ठेवलास. रोज सकाळी मला वाटायचं, केवढं करतोय हा माझ्यासाठी. म्हणून गप्प राहिले."

ईस्टरला गॅरेजात पोराची सीडी धडधाकट होती. एक शब्द पुरला असता. तो दोघांनाही सुचत होता, हे दोघांच्याही चेहऱ्यावर दिसत होतं, आणि आता त्याचा काडीचा उपयोग नव्हता. रादिसावला रडू आलं. आपण किती मोठ्याने रडतोय, हे त्याला कळत नव्हतं.

विदोसावाने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पांढऱ्या शर्टावर लाल पंजा उमटला. मग तिने दोऱ्यासकट ती सीडी उचलली आणि बाहेर गेली. तिकडे भोरड्यांचा थवा झाडावर उतरला होता.

त्याने खिडकीतून पाहिलं. शिडी अजून तिथेच होती. वर चढून तिने सीडी फांदीला बांधली, खाली उतरली आणि झाडाखाली उभी राहून, मान वर करून ओरडली. भोरड्यांना हाकलत असेल, असं त्याला वाटलं. थवा उडाला. झाड रिकामं झालं. तरी ती ओरडतच होती, आणि तिचं तोंड झाडाकडे नव्हतं, माडीवरच्या खिडकीकडे होतं. तिच्या ओठांवर काय आहे, ते त्याला इतक्या लांबूनही वाचता आलं.

शेजारच्या अंगणातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. विदोसावाने पुन्हा हाक मारली, मग हात बाजूला सोडून, वर बघत, उत्तराला लागायचा तेवढा वेळ थांबली.