सिलास उजागरेची साक्ष

सिलास उजागरेच्या आयुष्यात काही म्हणजे काही घडलं नव्हतं, आणि हेच त्याचं मोठं दुःख होतं. वय सोळा, अकरावी सायन्स, कासारवाडीत स्टेशनच्या अलीकडे दोन खोल्यांचं घर. वडील भीमराज चाकणच्या एका कंपनीत मशीन शॉपला, आई दवाखान्यात नर्स. पोरगा कधी नापास झाला नाही, जत्रेत हरवला नाही, कुठे पडून हातपाय मोडून घेतले नाहीत. एकदा कावीळ झाल्यासारखी वाटली होती, पण तपासणीत काही निघालं नाही.

एखाद्याला वाटेल, नशीबवान आहे. पण रविवारी संध्याकाळी चर्चच्या तरुण संघात बसलं की हे नशीब फार अडचणीचं व्हायचं. तिथे साक्ष द्यायची पद्धत. उभं राहायचं आणि देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. एका काकांची बावीस वर्षांची दारू सुटली होती. एक दादा चौथ्या मजल्यावरून पडून चालत घरी आला होता. ते बोलायला लागले की पोरं मोबाइल खिशात ठेवायची. सिलासची पाळी आली की तो म्हणायचा, "देवाने मला चांगले आईवडील दिले, त्याबद्दल उपकार मानतो," आणि मागून कुणीतरी जांभई द्यायचं.

आता घरात रोज पहाटे एक गोष्ट घडायची, पण ती त्याच्या खिजगणतीतही नव्हती. भीमराजची पहिली शिफ्ट. कंपनीची बस पावणेसहाला नाशिक फाट्यावर यायची. त्याआधी डबा पिशवीत टाकून भीमराज पोराच्या पलंगाशी येऊन उभा राहायचा. त्याच्या कपाळावर हात ठेवून हळूच म्हणायचा, "प्रभू, हे लेकरू तुझं हाय. मला नुसतं सांभाळायला दिलंयस." कितीही साबण लावला तरी त्या हाताला मशीनच्या तेलाचा वास यायचा. सिलास बऱ्याचदा जागा असायचा, पण डोळे मिटून पडून राहायचा. मग कडी वाजायची आणि तो पुन्हा झोपून जायचा.

गणपतीनंतरच्या एका रविवारी तरुण संघाचा पुढारी शेखरदादा म्हणाला, "सिलास, पुढच्या वेळी तू साक्ष दे. चांगली दहा मिनिटांची. तुझ्या वयाच्या पोरांना भिडेल असं काहीतरी."

दहा मिनिटं. सिलासने आठवडाभर डोकं खाजवलं. चांगल्या आईवडिलांचे उपकार फार ताणले तरी दीड मिनिटात संपत होते. घरी विचारावं तर आई आपल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी नगरला गेलेली आणि बापाचा ओव्हरटाइम चाललेला. शेवटी रविवारी तो उभा राहिला, समोरच्या पन्नास चेहऱ्यांकडे पाहिलं, मागच्या बाकावर जांभईची तयारी दिसली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी वाईट संगतीला लागलो होतो."

जांभई थांबली. मग काय विचारता. मित्रांच्या गाड्या, क्लास बुडवून चाकणच्या रस्त्यावर लावलेल्या शर्यती, बिअरचे कॅन, सगळं धडाधड येत गेलं. शेवटी समोरून आलेला कंटेनर, डोळ्यांपुढे अंधार, आणि कानात स्पष्ट ऐकू आलेली आपल्या नावाची हाक. सिलासचे स्वतःचेच डोळे भरून आले. ज्याला आईची स्कूटी स्टँडवर लावता येत नव्हती, त्याने अंगावर काटा आणला. "प्रभूची स्तुती असो," कुणीतरी म्हणालं आणि टाळ्यांचा गजर झाला. शेखरदादाने मिठी मारली.

खोटं कशाला सांगा, सिलासला फार छान वाटलं. इतकं छान याआधी कधीच वाटलं नव्हतं. आपण म्हणजे कुणीतरी आहोत ही भावना बुधवारपर्यंत टिकली.

मग चिंचवडच्या मंडळीतून, म्हणजे तिथल्या चर्चमधून, बोलावणं आलं. तिथे कंटेनरचे दोन कंटेनर झाले. टाळ्या पहिल्याहून जास्त पडल्या, पण छान वाटणं सोमवारी सकाळी संपलं. तिसऱ्यांदा निगडीला गेला तेव्हा गाडीचा वेग एकशेतीसवर नेला, एका मित्राला मरणाच्या दारात पोचवलं, लोक रडले. आणि परतीच्या बसमध्ये नाशिक फाटा येण्याआधीच सिलास पुन्हा पहिल्यासारखा झाला. नाही, पहिल्यासारखा नाही. पहिल्यापेक्षा रिकामा. खिडकीला डोकं टेकवून तो विचार करत होता की आता चौथ्यांदा काय वाढवायचं.

ते चौथ्यांदा ठरलेलंच होतं. ताथवड्याच्या एका कॉलेजच्या सभागृहात आसपासच्या सगळ्या मंडळ्यांतल्या तरुणांचा मेळावा, सहाशे पोरं, आणि साक्ष द्यायला सिलास उजागरे.

मेळाव्याच्या चार दिवस आधी देहूरोडहून सुभद्राबाई नावाच्या आजींचा फोन आला. त्यांनी निगडीत त्याला ऐकलं होतं. "लेकरा, आमचा रणजीत हाय ना, माझा नातू, तो बी गाडीवरनं पडलाय बघ. पायात सळई टाकलीय. देवाचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करतो. तू तसल्यातनंच सुटलास न्हवं? एकदा येऊन सांग त्याला. तुझं ऐकंल."

नाही कसं म्हणणार? सिलास कॉलेज सुटल्यावर लोकल पकडून देहूरोडला गेला. सुभद्राबाईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेऊन चर्चमधल्या रिवाजाने "सलाम, बाळा" म्हटलं, चहा ठेवला आणि त्याला आतल्या खोलीत नातवासमोर बसवून स्वयंपाकघरात गेल्या. रणजीत एकोणीस वर्षांचा, अंगाने दणकट, पाय उशीवर ठेवलेला. त्याने सिलासकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"गाडी कुठली होती, भावा?"

"स्पोर्ट्स."

"पहिला गिअर कुठं पडतो त्याला? वर का खाली?"

सिलासने घाम पुसला. "वर."

रणजीत हसला, पण वाईट हसला नाही. "खाली पडतो, राव. तू कधी बसलास का गाडीवर?"

सिलासने मान हलवली. नाही. त्याला वाटलं आता हा आजीला हाक मारणार. पण रणजीतने दाराकडे पाहून आवाज खाली घेतला. "मग कशापायी एवढं?"

"टाळ्या मिळाल्या," सिलास म्हणाला. दुसरं काही सुचलंच नाही.

"मलाबी तेच रे. पोरं व्हिडिओ काढायची, वरडायची. मजा यायची, न्हाई कशाला म्हणू. पण टिकायची किती, तर टोलनाक्यापर्यंत. पुन्हा गाडी वळवायची, पुन्हा सुसाट. दरवेळी जरा जास्त जोरात, न्हाईतर काय वाटायचंच न्हाई." त्याने पाय जरा सरकवला, तोंड वाकडं केलं. "ते जाऊ दे. तू एवढा देवाधर्मातला. गाडी न्हाई, दारू न्हाई, मग तुला तिथं खरंच काय मिळतं ते सांग की. पडून पडून कंटाळलोय. खरं असंल तर ऐकतो."

सिलास जन्मल्यापासून चर्चला जात होता, अर्धी स्तोत्रं तोंडपाठ होती, आणि एका साध्या प्रश्नाला उत्तर नव्हतं. चहा गार झाला. निघताना सुभद्राबाईंनी दारातून विचारलं, "सांगितलंस ना बाळा?" तो "हो" म्हणाला, आणि हे त्याला तिन्ही साक्षींपेक्षा मोठं खोटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सिलास जागाच होता. पावलं वाजली, तेलाचा वास आला, कपाळावर हात आला. पण नेहमीचे शब्द आले नाहीत. भीमराज म्हणाला, "प्रभू, मी ओव्हरटाइमच्या मागं लागलो. माझं पोरगं तिकडं मरणाच्या दारात गेलं न मला पत्ता न्हाई. सोबतच्या लोकांकडनं कळलं. माझा अपराध माफ कर. तू वाचवलंस, तू धुतलंस, म्हणून मी त्याला काय विचारत न्हाई. पण मला माफ कर."

पांघरुणाखाली सिलासला सगळा उलगडा झाला. कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी बापाला सांगितलं होतं, आणि देवाने पुसलेलं आपण उकरून काढायचं नाही, अशा साध्या भोळ्या विश्वासाने बापाने एका शब्दाने चौकशी केली नव्हती. जे कधी घडलंच नाही त्याची माफी मागत तो पलंगाशी उभा होता, आणि किती पहाटे उभा होता कोण जाणे. गेले काही दिवस सिलास रात्री मोबाइल बघून पहाटे मेल्यासारखा झोपत होता. त्याने उठून बसायला हवं होतं. पण तो डोळे मिटून पडून राहिला. कडी वाजली. तो धावत गॅलरीत गेला, तेव्हा भीमराज पिशवी खांद्याला लावून कोपऱ्यावर वळत होता.

संध्याकाळी घरी आल्यावर भीमराज नजरेला नजर न देता म्हणाला, "रविवारचा ओव्हरटाइम नको म्हणून सांगितलंय. ताथवड्याला येतो. तुझी साक्ष मी अजून ऐकलीच न्हाई."

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. शेखरदादाने माइकवरून ओळख करून दिली, "मृत्यूच्या दाढेतून परत आलेला आपला सिलास," आणि बोलायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. सिलासने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तिथे पाण्याच्या कूलरशेजारी भीमराज उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात पुढे बांधलेले.

"मला गाडी चालवता येत नाही," सिलास म्हणाला.

पोरं हसली. त्यांना वाटलं, सुरुवात गमतीची आहे.

"खरंच येत नाही. मी कधी शर्यत लावली नाही, बिअर प्यालो नाही. कंटेनरही नव्हता. तीन चर्चमध्ये मी खोटं बोललो, कारण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं मला वाटत होतं." आता कुणी हसत नव्हतं. शेखरदादाचा चेहरा उतरला होता. "मला टाळ्या मिळाल्या. पहिल्या बुधवारपर्यंत पुरल्या, तिसऱ्या घरापर्यंतही पुरल्या नाहीत. मग एकाने मला विचारलं, तुला देवाकडे खरंच काय मिळतं? मला उत्तर आलं नाही. आता सांगतो, पण ते फार छोटं आहे."

त्याने पुन्हा शेवटच्या रांगेकडे पाहिलं. तिकडेच बघत बोलत राहिला.

"रोज पहाटे माझे पप्पा कामावर जाताना माझ्या कपाळावर हात ठेवतात. देवाला सांगतात, हे लेकरू तुझं आहे. मी जागा असतो, पण झोपेचं सोंग घेतो. आजपर्यंत याला मी काही घडलं असं धरलंच नाही. मला वाटायचं, देव भेटायला आधी लांब पळून जावं लागतं. मी कधी लांब गेलोच नाही, कारण रोज मला कुणीतरी सांगत होतं की तू कुणाचा आहेस. खोटं बोलल्यावर मला तो हात सहन होईना. तेव्हा कळलं की इतकी वर्षं मी त्याच्याच आधारावर उभा होतो. पप्पा, तुम्ही माफी मागू नका. तुम्ही काही चुकला नाहीत. माझी साक्ष एवढीच आहे."

टाळ्या पडल्या नाहीत. शेखरदादाने माइक हातात घेतला, दोनदा घसा खाकरला आणि जेवणाची सुट्टी जाहीर केली, पाऊण तास आधीच.

सिलास मागच्या दाराने बाहेर आला तेव्हा भीमराज बसस्टॉपवर उभा होता. बराच वेळ दोघांनी येणाऱ्याजाणाऱ्या बसेस पाहिल्या, त्यातली एक त्यांची होती, तीही जाऊ दिली.

"म्हंजे तू जागा असायचास," भीमराज म्हणाला.

"रोज नाही. पण बऱ्याचदा."

"न मी आपलं हळू बोलायचो. झोप मोडंल म्हणून." त्याने खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला, घाम पुसल्यासारखा. "ती गाडीबिडी, ते काहीच न्हाई?"

"नाही, पप्पा."

"देवा रे," भीमराज म्हणाला आणि बाकावर बसला. त्याचे खांदे हलत होते, हसतोय की रडतोय ते सिलासला कळेना. मग त्याने पोराला शेजारी ओढून घेतलं. "पण खोटं बोललास ते चुकलंच. देवाच्या घरात उभं राहून बोललास. त्या तिन्ही मंडळ्यांत जायचं, आज सांगितलंस तसं सांगायचं. मी येतो संगं."

संध्याकाळी सिलासने रणजीतला फोन केला. आजीने मेळाव्याचं थेट प्रक्षेपण मोबाइलवर लावून दिलं होतं, रणजीतने सगळं ऐकलं होतं. "आता पटलं," तो म्हणाला. "आजी जरा रुसलीय तुझ्यावर, पण चहा करंल. ये मंगळवारी. माझ्या बापानं असा हात कधी ठेवला न्हाई, राव. ते तुला कसं वाटतं, ते परत सांग."

"येतो," सिलास म्हणाला. परतीच्या वाटेवरचा नाशिक फाटा कधीच मागे पडला होता आणि त्याला अजूनही छान वाटत होतं.

सोमवारी पहाटे भीमराज पिशवी घेऊन पलंगाशी आला. सवयीने पाय न वाजवता आला. हात कपाळावर ठेवला, थोडा अडखळला, आणि म्हणाला, "प्रभू, हे लेकरू तुझं हाय. मला नुसतं सांभाळायला दिलंयस."

"आमेन," पांघरुणातून आवाज आला.

भीमराज तिथेच उभा राहिला. त्या दिवशी कंपनीच्या बसला नाशिक फाट्यावर त्याच्यासाठी थांबावं लागलं.