सकाळी दहाची चांदणी

दिवसा तारे दिसायचे तर आजवर थोबाडीत खावी लागत असे. आता ती गरज उरली नव्हती. बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागच्या पटांगणात जायचं आणि मुकाट्याने रांगेत उभं राहायचं. सकाळी दहाच्या ठोक्याला शुक्रानंद महाराज शुक्राची चांदणी आभाळात हजर करत, तीही लख्ख उजेडात.

गिरणीच्या उंच भिंतीच्या सावलीत रांग वेटोळे घालून बसलेली असे. पुढे एका तिवईवर हातभर लांबीची पितळी नळी आभाळाकडे तोंड करून बसवलेली. नळीशेजारी महाराज, आणि महाराजांशेजारी एक मोठी टोपली.

"रात्री तारे कुणीही दाखवील!" महाराजांचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. "विहिरीपाशी उभं राहून पाणी दाखवण्यात काय अक्कल? ग्रह माझ्याकडे हजेरी लावतात, हजेरी! शनीला मी सध्या रजा दिलीय. गुरूचं वय झालं, त्याला त्रास देत नाही. पण शुक्र! शुक्र म्हणजे स्वर्गातला नेत्रवैद्य! ज्याच्या डोळ्यांना तो भरदिवसा दिसला, त्याचे डोळे निर्मळ झाले. मग औषधाची बाटली या टोपलीत टाकायची आणि माझं शुक्रांजन डोळ्यांत घालायचं. दोन दगडांवर पाय ठेवायचा नाही!"

टोपली निम्मी भरली होती.

त्या दिवशी रांगेत काटेकाका आणि त्यांची अक्का होती. काटेकाका घड्याळं दुरुस्त करायचे. खरं आडनाव वेगळंच होतं, पण आयुष्य काट्यांमध्ये गेल्यामुळे सगळे त्यांना काटेकाकाच म्हणत. अक्का त्यांची थोरली बहीण, त्यांच्याच घरी राहायची. तिला काचबिंदू होता. डोळ्यांतला दाब वाढून नजर जाऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब घालावे लागत, आणि थेंब झोंबत. रोज थेंब घालायची वेळ आली की ती डॉक्टरीणबाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

"अक्का, हे सगळं थोतांड आहे," काका रांगेतच पुटपुटले.

"तू गप्प बस. लहानपणापासून तुला सगळंच थोतांड वाटतं."

अक्काचा नंबर आला. तिने नळीला डोळा लावला, क्षणभर थांबली आणि एकदम ओरडली, "अगंबाई! दिसली की रे! पांढरीशुभ्र, टाचणीच्या डोक्याएवढी!"

"नेत्र निर्मळ!" महाराज गरजले. अक्काने पिशवीतून थेंबांची बाटली काढली आणि टोपलीत टाकली.

"आता तुम्ही बघा, बाळा," महाराज काकांना म्हणाले. काका अठ्ठावन्न वर्षांचे होते. काहीच दिसणार नाही आणि दोन शब्द सुनावता येतील, अशा तयारीने ते वाकले.

चांदणी होती. निळ्या आभाळाच्या छोट्याशा चकतीत, शांत, स्पष्ट. काकांनी डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. तरीही होती.

अक्का घरी येईपर्यंत अखंड बोलत होती.

पुढचे दोन महिने अक्काने थेंब घातले नाहीत. शुक्रांजनाने पापण्या काळ्या करून ती घरभर वावरत होती. काकांनी चारदा विषय काढला, चारही वेळा हरले.

"सुईत दोरा ओवते मी, चष्म्याशिवाय!" अक्का म्हणायची. "आणि चांदणी तू नाही पाहिलीस?"

पाहिली होती. तिथेच सगळं अडत होतं. पण काकांना दुसरंही काही दिसत होतं. अक्काचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. कुणी बाजूने आलं की ती दचकायची. एकदा ताटाशेजारचं पाण्याचं भांडं तिने कोपराने उडवलं आणि उलट काकांनाच रागावली, "इथे कुणी ठेवलं हे?" ते तिनेच ठेवलं होतं.

शेवटी काका एकटेच डॉक्टरीणबाईंकडे गेले. चोरी कबूल करावी तशी त्यांनी सगळी हकिगत सांगितली, स्वतः चांदणी पाहिल्याचंही लपवलं नाही.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा एक कागद घेतला, त्याची गुंडाळी केली आणि काकांच्या डोळ्याला लावली. "समोरचा तक्ता वाचा."

काकांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"आता माझा डावा हात कुठे आहे?"

"तो... तो नाही दिसत."

"काचबिंदू असाच येतो. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटपर्यंत टिकते. अक्कांना सुईचं नेढं दिसेल, नळीतली चांदणीही दिसेल. महाराज नळी लावतात, आणि हा आजारही माणसाला नळीच लावतो. त्या नळीतून बघून 'डोळे बरे झाले' म्हणणं म्हणजे..." त्यांनी गुंडाळी सोडून कागद जागेवर ठेवला. "त्यांना लवकर घेऊन या. गेलेली नजर मी परत आणू शकत नाही."

"आणि ती चांदणी? ती दिवसा कशी दिसते?"

"ते माझ्या खात्यातलं नाही. यंत्रातला बिघाड शोधायचं काम तुमचं ना?"

हे काकांना लागलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा रांगेत उभे राहिले, या वेळी खिशातलं घड्याळ हातात घेऊन. महाराज एका टोपीवाल्या पाहुण्याशी गप्पांत रंगले होते. काकांच्या पुढे परीट होता. "दिसली!" तो म्हणाला. काकांनी डोळा लावला. निळं आभाळ, बस्स. कोपरान् कोपरा पाहिला. काही नाही. ते बाजूला झाले. मागच्या बाईने डोळा लावून लगेच हात जोडले, "दिसली हो, दिसली!"

तेवढ्यात महाराज गप्पा आटोपून आले आणि नळीला बोटाने हलकेच आशीर्वाद दिला. काकांनी हट्टाने पुन्हा डोळा लावला. चांदणी जागेवर!

मग ते भिंतीला टेकून तासभर बसले. महाराज दर तीन-चार मिनिटांनी नळीला आशीर्वाद देत होते, आणि प्रत्येक आशीर्वादाने नळी जरा पश्चिमेकडे कलत होती. कधी पूर्वेकडे नाही. काकांनी घड्याळ डोळ्यांसमोर धरून तबकडीवरच्या खुणांनी तो कल मोजला. एका तासात नळी मिनिटांच्या अडीच खुणांएवढी सरकली होती. तासकाटा त्याच वेळात पाच खुणा सरकतो. म्हणजे नळीचा वेग तासकाट्याच्या बरोबर निम्मा. तासकाटा बारा तासांत एक फेरी मारतो. मग ही नळी ज्याच्या मागे लागलीय, त्याची फेरी चोवीस तासांची!

चोवीस तासांत एक फेरी कोण मारतं, हे शाळेत सहावीत शिकवतात. काका उठले ते कपडे झटकून थेट वाचनालयात गेले आणि ग्रहमालेवरचं एक पुस्तक घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गच्चीवर होते. शेजारच्या कापडवाल्याकडून ताग्यातली पुठ्ठ्याची नळी आणली होती. ती स्टुलावर दुकानातल्या शिकंज्यात पकडली. पूर्वेला शुक्र असा झगझगत होता की त्याला ओळखायला पुस्तकाची गरजच नव्हती. काकांनी नळी त्याच्यावर रोखली आणि दर तीन मिनिटांनी सरकवत राहिले. उजाडलं. बाकीचे तारे एकेक करून विझले. सूर्य वर आला, तसे काका स्टूल उचलून पाण्याच्या टाकीच्या सावलीत गेले आणि नळी पुन्हा शुक्रावर धरली. सात वाजले, आठ वाजले. चांदणी फिकट होत गेली, पण नळीतून हलली नाही.

गच्चीवरून गिरणीचं पटांगण दिसत होतं. तिथे मफलर गुंडाळून, चहाचा पेला हातात घेऊन कुणीतरी नळीशेजारी पहाटेपासून बसलं होतं आणि दर तीन मिनिटांनी तिला टिचकी मारत होतं. ते महाराज होते. 'माणूस कष्टाळू आहे,' काकांच्या मनात आलं. 'घड्याळाच्या धंद्यात पडला असता तर नाव काढलं असतं.'

दहा वाजता खालून आरोळी उठली, "आली! चांदणी आली!" काकांच्या नळीत ती साडेपाचपासून होती.

रविवारी काका आपली नळी आणि स्टूल घेऊन पटांगणात उतरले. अक्कालाही सोबत नेलं. ते पहाटेच येऊन भिंतीच्या दुसऱ्या टोकाला बसल्यामुळे महाराजांच्या कपाळावर तेव्हापासूनच आठी होती. दहाला गर्दी जमली.

"महाराज, मीपण एक शुक्र आणलाय," काका म्हणाले.

"शुक्र एकच आहे!"

"मीही तेच म्हणतोय."

लोक हसले आणि काकांच्या नळीपाशी दुसरी रांग लागली. "सावलीतच राहा रे," काका बजावत होते, "नळी सूर्याकडे वळवाल तर खरोखरच डोळे जातील." एकेकाने पाहिलं. चांदणी तीच होती.

"मी बोलावली म्हणून तुलाही दिसली!" महाराज कडाडले. "माझ्या मंत्राचा प्रसाद आहे हा!"

"असेल. मग आज पाच मिनिटं मंत्र म्हणू नका. नुसते गप्प बसा."

महाराजांना गप्प बसणं सोपं नव्हतं, पण दोनशे माणसं त्यांच्याकडे बघत होती. पाच मिनिटं गेली. काकांनी नळी किंचित पश्चिमेकडे सरकवली. परीट वाकला, पाहिलं आणि म्हणाला, "महाराज गप्प आहेत तरी ही आहे की!"

"त्या दिवशी नळी आभाळातल्या रिकाम्या जागी होती, तेव्हाही तुम्हाला दिसली होती," काका हळूच म्हणाले.

परीट लाजला. "मागचे हसतील म्हणून म्हणालो हो, काका."

मग काकांनी भिंतीवर खडूने सूर्य काढला, त्याभोवती एक लहान वर्तुळ शुक्राचं आणि बाहेर एक मोठं वर्तुळ पृथ्वीचं. "शुक्र तारा नाही, ग्रह आहे. आपल्या पृथ्वीसारखाच सूर्याभोवती फिरतो, पण आपल्या आतून. म्हणून तो सूर्यापासून फार लांब कधी जात नाही. हल्ली सूर्याच्या आधी उगवतो आणि सूर्याच्या आधीच मावळतो. मधल्या वेळात कुठे जातो? कुठेच नाही. मावळेपर्यंत आपल्या डोक्यावरच असतो. आभाळ उजळलेलं असतं, त्यात एवढासा ठिपका कुठे शोधायचा हे डोळ्याला कळत नाही, इतकंच. नेमकी जागा कुणी दाखवली तर दिसतो. आणि तो सरकतो असं वाटतं, पण पृथ्वी स्वतःभोवती फिरतेय. म्हणून नळी सरकवावी लागते. महाराजांचा आशीर्वाद तो हाच."

"असं असेल तर महाराजांनी तो मावळल्यावर, दुपारी चारला बोलावून दाखवावा," मागून एक बाई म्हणाल्या.

"दुपारी देव विश्रांती घेतात," महाराज म्हणाले, पण आवाज रस्त्यापर्यंत पोचला नाही.

अक्का केव्हाची उभी होती. दोन्ही नळ्यांतून तिने चांदणी पाहिली होती. ती काकांना म्हणाली, "बरं, चांदणी आपोआप दिसते. पण मला दिसली ना? मग माझे डोळे बरेच आहेत."

काकांनी तिला गर्दीपासून बाजूला नेलं. "अक्का, माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवू नकोस." त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले आणि बोटं हलवत हळूहळू आत आणले. "बोटं दिसली की सांग."

हात खांद्यांपर्यंत आले. आणखी आत आले. जवळजवळ काकांच्या गालांशी आल्यावर अक्का म्हणाली, "आत्ता दिसली."

"आता माझी पाळी. तू बोटं हलव."

अक्काने आपले हात पसरले. अजून ते पुरते बाजूलाच होते, तोच काका म्हणाले, "दिसली."

अक्काने आपल्या पसरलेल्या हातांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने विचारलं, "इतकं गेलंय?"

"चल, डॉक्टरीणबाईंकडे जाऊ."

"टोपलीतली बाटली घेऊ का?"

"ती आता शिळी झाली. नवी घेऊ."

त्यांना जाताना पाहून आणखी सात-आठ जण टोपलीत हात घालून आपापल्या बाटल्या शोधू लागले. मंगळवारपर्यंत महाराज नळी आणि तिवईसकट निघून गेले होते. कुणी म्हणालं, दुसऱ्या गावी शनीची रजा रद्द करायला गेले.

डॉक्टरीणबाईंनी अक्काला तपासलं, दाब मोजला, थेंब बदलून दिले. उरलेली नजर टिकेल, असं त्यांनी सांगितलं. गेलेली येणार नाही, हेही सांगितलं. चांदणी कुठेच गेली नव्हती. अक्काचे दोन महिने मात्र गेले होते, आणि त्यांच्यासोबत डाव्या बाजूचा थोडासा प्रकाश.

अजूनही लोक काकांच्या दुकानात येऊन विचारतात, "काका, पण ती खरंच दिसली होती हो! मग आम्ही फसलो कुठे?" काका डोळ्यावरचं भिंग बाजूला ठेवतात आणि प्रत्येकाला तेच सांगतात. जे दिसलं ते खरं माना, हरकत नाही. पण दाखवणारा त्यावरून पुढे जे सांगतो, ते मानण्याआधी एवढंच विचारा, की याचा त्याच्याशी संबंध काय? शुक्र आभाळात आहे, याने कुणाचे डोळे कसे बरे होतील? हा एक प्रश्न विचारायला ना नळी लागते, ना महाराज. तो दोनशे जणांच्या रांगेतल्या एकाने जरी मोठ्याने विचारला, तरी कितीतरी बाटल्या टोपलीत पडायच्या वाचतात.