पेन्सिलीची सही

त्या शाळेचे मुख्याध्यापक पेन्सिलीने सही करत. नव्याने लागलेल्या शिक्षकाला हे सांगितलं की तो हसायचा, आणि महिन्याभरात त्याचं हसू मावळायचं. रजेचा अर्ज असो, फळ्याच्या दुरुस्तीचा कागद असो की वार्षिक अहवाल, सर मान खाली घालून पुसटशी सही करायचे आणि कागद कारकूनबाईंच्या टेबलावर पाठवून द्यायचे. मग दोन-चार दिवस वारा कुठला वाहतोय ते बघायचं. कुणी कुरकुर केली नाही, तर बाईंनी त्या सहीवरून शाईचं पेन फिरवायचं. कुणी आवाज चढवला, तर खोडरबर फिरवायचा. "मी कुठे सही केली? मी नुसता विचार करत होतो," असं सर सांगायचे, आणि पुरावा म्हणून कोरा कागद दाखवायचे.

शिक्षकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं पाहूयासर. कारण काहीही विचारायला कुणी गेलं, तरी सरांचं उत्तर ठरलेलं असायचं, "पाहूया."

खरं तर वारा बघायचंही सर विसरून जायचे. तो बाईच बघायच्या. अकरा वर्षं एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात खोडरबर घेऊन बाईंनी ती शाळा चालवली होती. पगार मात्र कारकुनाचा, आणि गटसंमेलनात सत्कार सरांचा. शाळेत निर्णय कोण घेतं, हे शोधायला विद्यापीठाची काही गरज नव्हती. पण विद्यापीठ आलं.

विद्यापीठ म्हणजे एक पोरसवदा संशोधक मुलगी. तिचा विषय होता 'शालेय नेतृत्व आणि निर्णयप्रक्रिया'. आठवडाभर ती सरांच्या खोलीत कोपऱ्यात बसणार होती. मांडीवर बत्तीस पानांचं प्रपत्र आणि गळ्यात स्टॉपवॉच. समस्या समोर आल्यापासून निर्णय होईपर्यंत किती वेळ लागतो, ते ती मोजणार होती. स्टॉपवॉच बघून बाईंना त्या मुलीची दया आली. इथे कॅलेंडर आणायला हवं होतं.

सर मात्र खुलले. केस कापून आले, इस्त्रीचा शर्ट घातला, पेन्सिली ड्रॉवरमध्ये लपवल्या. सोमवारी शिपायाने विचारलं, "सर, खिडकी उघडू?" सर ताठ बसून म्हणाले, "उघड!" चार सेकंद. मुलीने लिहून घेतलं. मंगळवारी त्यांनी तीच खिडकी बंद करायला लावली. तेही लिहून घेतलं गेलं. दोन दिवसांत दोन निर्णय म्हणजे सरांच्या मानाने उधळपट्टीच होती.

इकडे दुसरीच्या वर्गात छताच्या गिलाव्याला फुगवटा आला होता. परातीएवढा. रोज त्याचे कण बाकांवर पडत, आणि दुसरीच्या बाई रोज सकाळी फडक्याने ते पुसून काढत. वर्ग दुसरीकडे हलवावा म्हणून त्यांनी चार अर्ज केले होते. जागा एकच रिकामी होती, पाहुण्यांची खोली. तिथे संस्थेच्या अध्यक्षांनी स्वतः निवडलेला सोफा होता, बक्षिसांचं कपाट होतं आणि अध्यक्षांचा भला मोठा फोटो होता. त्यामुळे त्या चार अर्जांवर सरांनी पेन्सिलसुद्धा टेकवली नव्हती. पेन्सिलच नाही, तर कारकूनबाई शाई कशावरून फिरवणार? आणि त्या फुगवट्याच्या बरोबर खाली, दुसऱ्या बाकावर, कारकूनबाईंची नात बसायची. बाईंना रात्री झोप लागत नव्हती. "आजी, आज माझ्या डोक्यावर बर्फ पडला," असं नात हसत सांगायची, आणि बाई तिच्या केसांतले गिलाव्याचे कण वेचायच्या.

बुधवारी सर यायच्या आधी बाईंनी ड्रॉवरमधल्या सातही पेन्सिली काढून आपल्या पर्समध्ये टाकल्या. मग संशोधक मुलगी स्थिरस्थावर झाल्यावर पाचवा अर्ज नेऊन सरांपुढे ठेवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "सर, दुसरीचं छत पडायला आलंय. वर्ग हलवायचा का नाही, ते तुम्ही आत्ता सांगा."

मुलीने स्टॉपवॉच दाबलं.

सरांनी ड्रॉवर उघडला. दुसरा उघडला. खाली वाकून टेबलाखालीही बघितलं. "बाई, पेन्सिल..."

"संपल्या, सर."

"माझं पेन घ्या ना," मुलगी भाबडेपणाने म्हणाली.

सरांनी ते पेन हातात असं धरलं की जणू त्याचा चटका बसत होता. मग ते तीन वेळा पाणी प्यायले. फोन उचलून कुणाशीतरी "हो, हो" केलं, पलीकडे कुणी नव्हतं. छताच्या प्रश्नाचा सर्वांगीण विचार झाला पाहिजे, असं भिंतीला सांगितलं. एक्केचाळीस मिनिटांनी त्यांचा चेहरा एकदम उजळला. अर्जावर त्यांनी झरझर लिहिलं, 'कारकूनबाईंनी योग्य तो निर्णय घ्यावा.' आणि खाली चक्क शाईने सही केली.

मुलीने प्रपत्रात लिहिलं, 'अधिकारांचं विकेंद्रीकरण', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

बाईंना आधी संताप आला. मग त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली आणि शिपायाला हाक मारली. पाऊण तासात दुसरीचा वर्ग पाहुण्यांच्या खोलीत बसला होता आणि सोफा बाहेर व्हरांड्यात आला होता. अध्यक्षांच्या फोटोखाली नात पाढे म्हणत होती. बाई दारात जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मग डोळे पुसून टेबलाशी गेल्या.

गुरुवारी अध्यक्ष आले. सोफ्यावर तिसरीतली सहा मुलं डबे खात बसली होती, त्यातली दोन बुटांसकट. अध्यक्षांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू गेला. पाहूयासरांनी कानावर हात ठेवले आणि अर्ज पुढे केला. "माझा यात काडीचा संबंध नाही, साहेब. निर्णय बाईंचा. लेखी आहे."

शुक्रवारी सकाळी बाईंच्या टेबलावर दोन कागद आले. दोन्हींवर सरांची पुसट सही होती. पेन्सिल त्यांनी पहिलीतल्या एका मुलाकडून मागून आणली होती. एका कागदात म्हटलं होतं की दुसरीचा वर्ग आज मधल्या सुट्टीनंतर मूळ खोलीत परत न्यावा. दुसऱ्यात म्हटलं होतं की अधिकाराची मर्यादा ओलांडल्याबद्दल कारकूनबाईंना आजपासून निलंबित करण्यात येत आहे.

म्हणजे बाईंच्या निलंबनावर शाई बाईंनीच फिरवायची होती. यात काही विचित्र आहे, हे सरांच्या ध्यानातही आलं नव्हतं. सवयीने कागद टेबलावर आला होता.

बाईंनी खोडरबर उचलला. पहिल्या कागदावरची सही त्यांनी इतकी घासली की कागद पातळ झाला. मग दुसरा कागद ओढला. निवृत्तीला चार वर्षं होती, घरी मुलगा बेकार होता आणि नातीची शाळा हीच होती. खोडायला किती वेळ लागला असता? पण दोन्ही खोडले असते, तर उद्या सगळे म्हणाले असते की बाईंनी आपली खुर्ची वाचवली, मुलांचं निमित्त केलं. मग वर्ग परत हलवायला अध्यक्षांना काय लागलं असतं? बाईंनी पेन घेतलं आणि सरांच्या सहीवरून, एकेक वळण सांभाळत, शाई फिरवली. अकरा वर्षांत इतकी सुबक सही त्यांनी गिरवली नव्हती.

मधली सुट्टी संपल्यावर, सव्वाबाराला, दुसरीच्या जुन्या खोलीतून मोठा आवाज झाला.

सगळी शाळा धावली. धुळीचा लोट ओसरल्यावर दिसलं, छताचा निम्मा गिलावा खाली आला होता आणि दुसरा बाक मधून मोडला होता. खोलीत कुणी नव्हतं. बाई धावत पाहुण्यांच्या खोलीत गेल्या, नातीला उचललं आणि त्यांना हुंदका आवरलाच नाही.

अर्ध्या तासात पालक फाटकाशी जमले. सर पायरीवर उभे राहिले. "धोका मी बुधवारीच ओळखला होता," ते म्हणाले, "आणि तातडीने पाऊल उचललं." पालकांनी टाळ्या वाजवल्या. संशोधक मुलीने लिहिता लिहिता पेन थांबवलं.

सर बाईंकडे वळून हळूच म्हणाले, "ते सकाळचे दोन्ही कागद खोडून टाका."

"एक खोडला, सर. दुसऱ्यावर शाई फिरवली."

"कोणत्या?"

बाईंनी सांगितलं. सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलं वाचवणाऱ्या बाईंना त्याच दिवशी काढलं, हे पालकांना कळलं तर काय होईल, एवढं त्यांनाही कळत होतं. त्यांनी घाईने खिशातून कागद काढला, निलंबन रद्द असं लिहिलं, पेन्सिलीने सही केली आणि पुढे केला. "यावर शाई फिरवा. लगेच."

"मला कचेरीच्या दप्तराला हात लावता येत नाही, सर. मी निलंबित आहे. तुम्हीच फिरवा."

दोघांचा आवाज आता पालकांपर्यंत पोचत होता. पालक पायरीजवळ सरकले. मुलीने पुढे होऊन आपलं पेन धरलं आणि दुसऱ्या हाताने स्टॉपवॉच दाबलं. सरांनी पेनाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, मग रस्त्याकडे. अध्यक्षांची गाडी अजून आली नव्हती. वारा कुठला वाहणार, ते कळायला काही मार्ग नव्हता.

बाईंनी पर्स उघडली, सात पेन्सिली काढून पायरीवर ओळीने ठेवल्या आणि नातीला कडेवर घेतलं.

"सोमवारी मी येऊ का, सर?"

"पाहूया," सर म्हणाले.

बाई पालकांमधून वाट काढत फाटकाबाहेर पडल्या. मुलीने प्रपत्र मिटलं. स्टॉपवॉच तिने थांबवलं नाही.