वास माझा होता

मित्रांनो, जरा मागे सरकून बसा. मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे आणि माझ्या पोटात आत्ता लाल मिरची आहे. डोळ्यांत उडाली तर मलाच बोल लावाल.

माझा जन्म आदिलाबादकडच्या भैंसा गावचा. निजामाची एक तोफ वितळवून तिच्यातून चौदा खलबत्ते ओतले, त्यातला मी थोरला, असं मी सगळ्यांना सांगतो. एकदा सुपारी फोडताना माझा आवाज आदिलाबाद स्टेशनापर्यंत गेला आणि गाडी वेळेआधीच सुटली, हेही सांगतो. मी थापाड्या आहे, कबूल. पण माझ्या थापेनं आजवर कुणाचं घर गेलं नाही. आजची गोष्ट मात्र खरी आहे.

बोथजवळच्या एका गावात तुळजाबाईनं मला आणलं. तीस वर्षं तिनं माझ्यात जवस, लसूण, सुंठ कुटली. शेजारणी मला उसना न्यायच्या आणि परत देताना वाटीभर चटणी ठेवायच्या. पुढे मिक्सर आला. मग मी चुलीमागे पडलो आणि पाली माझ्यात अंडी घालू लागल्या. अशात अमेरिकेतून मुलाचा, वैभवचा फोन आला : पूनमचे दिवस भरत आलेत, आई, तू ये. बाळंतिणीच्या लाडवांचा डिंक मिक्सरमध्ये नीट कुटला जात नाही, असं तुळजाबाईचं मत. तिनं मला लुगड्यात गुंडाळलं. विमानतळावर चार शिपाई माझ्याभोवती जमले. तोफेचं रक्त ओळखलं असावं.

वैभवच्या घरासमोर, इमारतीच्या त्याच बोळात, लिनबाईचं दार होतं. चीनमधून तिशीत आलेली ही बाई चाळीस वर्षं तिथे कपडे शिवत आली. मुलं तिथेच जन्मली, नवरा तिथेच पुरला. तरी खालच्या मजल्यावरचा एक गृहस्थ जिन्यात भेटला की विचारायचा, "परत कधी जाणार?" करोनाच्या साली कुणीतरी तिच्या दारावर अंडी फोडली. तिनं एकटीनं दार पुसलं. बाल्कनीत मासे सुकवते म्हणून तिच्यावर वासाच्या दोन तक्रारी झाल्या होत्या. तिसरी झाली की घर रिकामं करायचं, असा त्या इमारतीचा नियम. वैभवलाही एका दुकानात कुणी "तुमच्या देशात जा" म्हणालं होतं. त्या दिवशी तो जेवला नाही.

तुळजाबाई आपल्या बोलीत बोलायची, लिनबाई चिनीत, आणि दोघींना एकमेकींच्या सुनांबद्दल सगळं कळायचं. लिनबाई तोंडात मुंग्या आणणारे कसलेसे मिरे आणायची आणि माझ्यात कुटायची. नातू झाला तेव्हा रात्ररात्र त्याला मांडीवर घेऊन बसायची.

मग तो दिवस आला. तुळजाबाईनं ठेच्यासाठी मिरच्या भाजायला घेतल्या. आपल्याकडे मिरच्या भाजताना दार सताड उघडतात. धूर जातो, शेजारी खोकतात, दोन शिव्या देतात आणि ठेचा मागून नेतात. तिनं तसंच दार उघडलं. धूर बोळात गेला, कसली तरी घंटा केकाटली आणि लाल बंब आला. खालचा गृहस्थ नाक दाबत वर आला आणि त्यानं सरळ लिनबाईच्या दाराकडे बोट केलं. इमारतीच्या मॅनेजरनं वैभवला विचारलं, "धूर तुमचा का?"

वैभवनं मान हलवली. नाही म्हणून. मग आत येऊन दार लावलं आणि आईला म्हणाला, "दुसऱ्याच्या घरी काई तरी झालं."

माझ्या पोटात मिरच्या तशाच होत्या, मित्रांनो. अजून गरम होत्या.

तुळजाबाई आणि मी गावी परतलो. तिकडे तिसरी तक्रार लिनबाईच्या नावावर लागली आणि तिला घर सोडायची नोटीस गेली. वैभवनं तुळजाबाईला एवढंच कळवलं, की लिनबाई मुलाकडे राहायला चालली आहे.

नोटिशीची मुदत सरायच्या आधीच वैभव आणि पूनम रजेवर आले. ओसरीत मंडळी जमली. निवृत्त मास्तर मारोतराव पुढ्यात होते. पूनम आत मिरची कुटत होती, माझ्यातच.

"काय सांगू मास्तर," वैभव म्हणाला, "तिथं आमच्यासारख्यायले लई अपमान सहन करा लागते. माणसाले वासावरून हाकलतात. आमच्यासमोरच्या चिनी म्हातारीले तं घर सोडाले लावून राह्यले."

"अरेरे! मंग तुमी काय केलं?"

"केलं ना. सगळे मिळून आवाज उठवला."

पूनमचा हात थांबला. मी पाच किलोचा आहे, रागावलो की सात. तिनं मला उचललं, ओसरीत आणून आपटलं.

"मास्तर, त्या बाईनं काईच केलं नव्हतं. मिरच्या आमच्या घरी भाजल्या. मॅनेजरनं विचारलं तं यायनं नाही म्हणून मान हालवली."

"पूनम, आत जा."

"जातो. पयले सांगा, तिले घर कवा सोडाचं हाय?"

वैभव भिंतीकडे बघत म्हणाला, "महिना सरला की."

"अन् तुमी एक ओळ लिहिली तं ती राहते का नाही?"

"तुले समजत नाही. माहे तिथं राहाचे कागद अजून अडकून हायेत. उद्या आपल्यालेच जा म्हणतीन."

"म्हणून तिले जा म्हटलं तं चालते?"

तुळजाबाई अंगणातून आली होती. हात ओले तसेच.

"वैभव, थे लाल गाडी माह्या मिरच्यायसाठी आली होती?"

"आई, तुले काऊन तरास द्याचा, म्हणून..."

"जाऊ द्या बाई," मारोतराव मध्ये पडले. "चिनी लोकं ते. काईबी खातात. वास तं येतच असन."

त्या क्षणी मला खरोखर ओकारी आली. आत्ता 'अरेरे' म्हणालेलं तोंड तेच, मिशी तीच. दुकानात अपमान झाला म्हणून उपाशी झोपलेला वैभवही मास्तरांकडे बघून मान डोलावत होता! पालींची अंडी पोटात घेऊन मी वर्षं काढली, पण इतकं किळसवाणं काही पाहिलं नव्हतं.

"मास्तर," तुळजाबाई म्हणाली, "वास माह्या मिरच्यायचा होता. तुमी आता बी थोच घेऊन राह्यले." आणि मास्तर खरंच शिंकले. एकदा नाही, सात वेळा. (बरं, चार.)

"पूनम, फोन काढ."

"आई, नको," वैभव गयावया करू लागला. "माह्या कागदायचं काय होईन?"

"तुह्यासाठी दुसरी जागा पाहू. तुह्ये हातपाय धड हायेत. तिनं सत्तरीत कुठं पाहावं?"

ती मला पायांत धरून बसली आणि कुटता कुटता फोनकडे बघून बोलली, "मी तुळजाबाई. मिरच्या म्या भाजल्या. दार म्या उघडलं, आमच्या गावात तसंच उघडतात. वास माहा होता. लिनबाईले काढू नका." पूनमनं त्या व्हिडिओखाली तेच इंग्रजीत लिहिलं आणि मॅनेजरला पाठवून दिलं.

दहा दिवसांनी लिनबाईचा फोन आला. तिनं फोन घरभर फिरवला : खिडकीला पडदे होते, चुलीवर भांडं होतं, बाल्कनीत मासे होते. वैभवला एक ताकीद आली, अर्ध्या पानाची. बस्स. एवढ्या अर्ध्या पानाला भिऊन तो एका म्हातारीला रस्त्यावर काढायला निघाला होता.

आणि ऐका. अमेरिकेला परत जाण्याआधी बोथच्या एका शाळेत वैभवचा सत्कार झाला. भेदभावावर बोलताना त्यानं सांगितलं, "तो व्हिडिओ मीच पाठवला." थू! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, त्यांत तुम्हीही होतात. मला राग नाही, तुम्हाला ठाऊक नव्हतं.

आता ठाऊक आहे. म्हणून एवढंच करा. बसथांब्याजवळ मोमो विकणारा जो माणूस आहे, त्याच्या चटणीसाठी तुळजाबाईनं मला परवा उसना दिला होता. शाळा सुटल्यावर तुम्ही त्याला "ए चिनी" म्हणून हाका मारता आणि नाक धरून पळता, ते मी त्याच्या गाड्यावरून ऐकलं. हाक मारली की तो हसतो. तुम्ही वळलात की त्याचा हात माझ्या बत्त्यावर घट्ट आवळतो. त्याला नाव आहे. उद्या जा आणि विचारा.