लॅपटॉपखालची मशीन

राजधानीत, लिलाँग्वेला गेली तर वेझीला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडते. फिरणारी खुर्ची. सांगून जाणारी वीज. कंपनीत फोन घेणाऱ्या सगळ्या मुलामुलींवर देखरेखीचं पद. आणि संध्याकाळी कुठे चाललीस, कुणाबरोबर चाललीस, असं न विचारणारं मोठं शहर. ही शेवटची बाब तिने कुणालाच सांगितली नव्हती. पण माझ्यापासून काय लपणार? तिचे पाय दिवसभर माझ्या पायडलवर असायचे.

मित्रांनो, मी एक जुनी, पायाने चालणारी शिलाई मशीन आहे. मला कुठे ओतलं, कुठे घासलं, ते आता धूसर झालंय. आठवते ती फक्त आग, मग गार तेल, मग जहाजाचं डुलणं. शेवटी एका लॉरीने मला न्खाटा बे गावातल्या चढावरच्या या ओट्यावर आणून सोडलं. खाली सरोवर पसरलेलं. वेझीच्या आईने, एस्नाटने, मला घेतलं तेव्हा वेझी तिच्या पाठीवर बांधलेली होती. माझी खडखड चालू असली की ती पोर गाढ झोपायची. मी थांबले की भोकाड पसरायची.

काय दिवस होते ते! शाळेचे गणवेश, चर्चमधल्या बायकांचे एकसारखे झगे, नव्या नवरीचे कपडे, सगळं माझ्या सुईखालून गेलं. "एस्नाटचा टाका उसवायचा तर दात लावावे लागतात," असं लोक म्हणायचे. त्यातलं निम्मं कौतुक माझं होतं, असं मी धरून चालते.

मग शिकून वेझी घरी परतली. एका बियाणं विकणाऱ्या कंपनीने तिला घरूनच काम दिलं होतं. शेतकरी फोन करणार, ही उत्तरं देणार. आई एकटी आहे म्हणून तिने शहर नको म्हटलं. घरात टेबल नव्हतं. एस्नाटने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि म्हणाली, "माझे डोळे अधू झालेत गं. तूच वापर ही." तिने माझं डोकं पोटात दुमडलं, वर फळी बसवली. फळीवर लॅपटॉप आला.

तेव्हापासून दोन वर्षं मी स्वप्नातच राहिले. पोटातल्या अंधारात तेलाचा वास, वरून लांबलांबच्या शेतकऱ्यांचे आवाज. कुणी म्हणे, मक्याची पानं पिवळी पडलीत, की माझ्यासमोरून पिवळ्या कापडाचं ठाण सळसळत जाई. कुणी म्हणे पाऊस नाही, की मला निळी झालर दिसे. बोलता बोलता वेझी नकळत पायडल मारायची. चाक रिकामंच फिरायचं आणि मला वाटायचं, मी पाणीच शिवतेय, सरोवराच्या या काठापासून त्या काठापर्यंत. खरं बोलताना तिचा पाय लयीत चाले. खोटं बोलताना अडखळे.

आणि एस्नाट? ती दारात बसे आणि तिचे अधू डोळे सुकत घातलेल्या बारीक मासळीतला एकेक खडा टिपत. तिचे पाय मात्र जमिनीवर नुसते हलत राहत. टाच, बोटं, टाच, बोटं. वेझीची पाठ तिकडे असायची.

अशात कंपनीच्या साहेबांचा फोन आला. लिलाँग्वेच्या कचेरीत ये, मोठं पद देतो. नाहीतर आहे तिथेच राहा, आहे तेच काम कर. शुक्रवारपर्यंत सांग.

बातमी चढ उतरून गेली आणि सल्ले चढ चढून आले. पहिला येसाया मामा.

"म्हाताऱ्या आईला टाकून जाणार? लोक काय म्हणतील, पोरी?"

मामाचा फोन तेव्हा वेझीच्या सौर पॅनेलवर फुकट चार्ज होत होता. त्याच्यामागून शेजारची न्याम्होने मावशी आली.

"शहरात पाणीसुद्धा विकत घ्यावं लागतं हो! आणि माझ्या लेकाला पत्रं कोण टाइप करून देणार? म्हणजे, तुझ्या आईकडे कोण बघणार?"

आमच्या अंगणात पोटच्या पोरीला 'जा' म्हणणं म्हणजे तिला घराबाहेर काढणं. वेझी विचारायची, "आई, जाऊ का गं?" आई उठायची. "कसावाचे कंद कुटायचे राहिलेत."

गुरुवारी वेझी फोन न लावताच म्हणून बघत होती, "साहेब, मला जमणार नाही. मी इथे सुखात आहे." तिचा पाय तीनदा अडखळला. दारातली मासळी निवडणारी बोटंही थांबली.

शुक्रवारी सकाळी वेझी आंघोळीला सरोवरावर गेली आणि एस्नाट माझ्यापाशी आली. लॅपटॉप उचलून तिने चटईवर ठेवला. फळी काढली. माझं डोकं वर आलं आणि उजेड असा अंगावर कोसळला की मी क्षणभर दचकले. तिने तेल सोडलं, पट्टा चढवला, आणि सुईत दोरा एका झटक्यात ओवला.

वेझी ओल्या केसांनी दारात उभी. "आई! आज साहेबांचा फोन यायचाय!"

"मग बोल की चटईवर बसून. मशीनशिवाय तोंड चालत नाही का तुझं?"

"आणि तुझे डोळे?"

"डोळ्यांना काय धाड भरलीय? सरक, उजेड अडवतेस. न्याम्होनेच्या नातीचा फ्रॉक आहे."

मी धावत सुटले. एस्नाट गुणगुणत होती, खांदे हलत होते, पाय नाचत होते. वेझी चटईवर बसून त्या पायांकडे बघत राहिली. फोन वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला, तेव्हा कुठे तिने उचलला.

"साहेब," ती हळूच म्हणाली, "मी येते."

एस्नाटने मान वर केली नाही. फक्त मला आणखी जोरात चालवलं.

लेक निघाली त्या दिवशी एस्नाट थांब्यावर गेली नाही. काम पडलंय, म्हणाली. बसचा भोंगा चढावर वाजला, आणि आम्ही दोघींनी मिळून एका फ्रॉकचा गळाच शिवून बंद केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग तिने तो उसवला, एकेक टाका, सावकाश.

मित्रांनो, एवढंच मागते. घरातल्या जुन्या मशीनला अधूनमधून तेल घाला. आणि घरातल्या जुन्या माणसासाठी काही सोडायचं ठरवाल, तेव्हा आधी त्याला विचारा की तुला हे हवंय का. तोंडाने नाही सांगितलं, तर त्याच्या पायांकडे बघा.

राहिला हिशेब. मामा आता फोन चार्ज करायला धापा टाकत बाजारापर्यंत जातो. त्याचं एवढं काही नाही. आई म्हातारी म्हणून लेक राहिली होती; लेक राहिली म्हणून आई म्हातारी झाली होती. दोघींनी एकमेकींना दोन-दोन वर्षं दिली, आणि ती घेतली मात्र कुणीच नाही.